मोबाइलवरचा मनाचा सल्ला : कोणता घ्यावा, कोणता सोडावा?

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारची संध्याकाळ होती आणि दवाखान्यात बरीच गर्दी होती. चाळिशीच्या आसपासच्या एक बाई नंबर येऊनही आत येईनात. "आधी या आजींना घ्या, माझं काही घाईचं नाही," असे म्हणत त्या शेवटपर्यंत बाकावर बसून राहिल्या. कंपाउंडर शटर ओढण्याच्या तयारीला लागला तेव्हा त्या आत आल्या आणि पर्समधून मुलाच्या वहीचे एक पान काढून माझ्यासमोर ठेवले. पानावर नऊ ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा होता आणि खाली बेरीज होती, सोळा.

"डॉक्टर, हे मोबाइलवर सापडलं. रात्री दोन वाजता. झोप लागत नव्हती म्हणून चाळत बसले होते. हे खरं असतं का हो?"

मी त्यांचा जुना केसपेपर काढला. चौदा महिन्यांत त्या माझ्याकडे अकरा वेळा आल्या होत्या. कधी पित्त, कधी डोके जड, कधी अंगदुखी, कधी नुसताच अशक्तपणा. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, बी कॉम्प्लेक्स दिले होते, दोनदा सलाईनही लावले होते. पण "मन कसे आहे? झोप कशी आहे? कशात जीव रमतो का?" हे तीन प्रश्न मी एकदाही विचारले नव्हते. वहीच्या पानावरची नववी ओळ मरणाच्या विचारांविषयी होती. तिच्यापुढे शून्य नव्हते, एक होता.

त्या बाईंना नैराश्य होते. जे मला चौदा महिन्यांत दिसले नाही, ते त्यांना मध्यरात्री हातातल्या मोबाइलने दाखवले. म्हणून "मोबाइलवर आजार शोधू नका, डोके फिरेल," असे सरसकट सांगण्याचा अधिकार निदान मला तरी उरलेला नाही.

दुसरी बाजू

त्याच सुमारास दुसरा प्रसंग घडला. आमच्याच गावची मुलगी, लग्न होऊन सात-आठ वर्षे झालेली. सासर बाजारपेठेच्या गावी, नवऱ्याचे किराणा-भुसार दुकान. मला ती लहानपणापासून डॉक्टरकाका म्हणते. आली ती थेट म्हणाली, "काका, एखादा चांगला वकील सांगा."

विचारल्यावर कळले ते असे. नवरा दोन महिन्यांपासून नीट बोलत नव्हता. जेवणावर वासना नाही, रात्री उशिरापर्यंत जागा, फोन पालथा घालून ठेवायचा, वाजला की बाहेर जाऊन बोलायचा. हिने मोबाइलवर शोधले. "नवरा फसवत असल्याचे पाच संकेत" असा व्हिडिओ मिळाला. पाचही संकेत जुळले. तो पाहिला म्हणून खाली दुसरा आला, मग तिसरा. तीन आठवड्यांत असे किती पाहिले याचा तिला हिशेब नव्हता. एकात तिला "नार्सिसिस्ट" हा शब्द मिळाला आणि तो तिने नवऱ्याला चिकटवून टाकला.

मी विचारले, "त्याला एकदा समोर बसवून विचारलंस का?"

"विचारून काय उपयोग, काका? असा माणूस खोटंच बोलतो, त्याला कळू न देता आपण तयारी करायची, असं त्यात सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या नवऱ्याला रक्तदाब तपासायच्या निमित्ताने बोलावून घेतले. वजन पाच किलोने उतरले होते, डोळे खोल गेले होते. उधारी अडकली होती, खासगी सावकाराचे व्याज चढत होते आणि पालथ्या घातलेल्या फोनवर येत होते ते त्याच सावकाराचे फोन. मी सरळ विचारले, "जीव द्यावासा वाटतो का?" तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मान हलवली. बायको मोबाइलवर त्याच्या फसवणुकीचे पुरावे शोधत होती, त्याच दिवसांत तोही त्याच घरात, दुसऱ्या खोलीत, मोबाइलवर मरणाविषयी शोधत होता.

त्याच संध्याकाळी त्याला मेव्हण्यासोबत जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. आता तो उपचार घेतो आहे, दुकानात बसतो आहे. कर्ज अजून फिटलेले नाही, पण ते आता दोघांना माहीत आहे.

(हे दोन्ही प्रसंग संबंधितांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून दिले आहेत.)

फरक कोठे पडला?

वाचकहो, दोन्ही घरी मोबाइल तोच होता. फरक सल्ल्यात होता. पहिल्या बाईंना सापडलेल्या प्रश्नावलीखाली लिहिले होते की ही प्राथमिक चाचणी आहे, निदान नव्हे. गुण जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. त्या सल्ल्याने त्यांना माझ्या टेबलापर्यंत आणून सोडले. दुसरीला मिळालेल्या सल्ल्याने न पाहिलेल्या माणसाविषयी निकाल दिला आणि वर त्याला विचारायलाही बंदी घातली. म्हणजे खरे कळण्याचा एकमेव रस्ता बंद केला.

आजच्या लेखातून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. मनाविषयी किंवा नात्याविषयी चांगला सल्ला तुम्हाला माणसाजवळ नेतो, मग तो डॉक्टर असो, समुपदेशक असो की घरातलेच माणूस असो. वाईट सल्ला तुम्हाला माणसांपासून तोडून मोबाइलपाशी बसवून ठेवतो.

लोक मोबाइलकडे का वळतात?

याचे कारण उघड आहे. लहान गावात मनाच्या डॉक्टरांच्या पाटीखाली उभे राहायला लाज वाटते. बाकावर शेजारी कोण बसेल याची भीती असते. मोबाइल मात्र कोणाला सांगत नाही, असे वाटते. शिवाय सोय तरी कोठे आहे? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. त्याहून वाईट म्हणजे, उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के होते. ज्याला डॉक्टर मिळत नाही तो रात्री मोबाइल उघडणारच. त्याला दोष देण्याऐवजी त्याने काय उघडावे हे सांगणे बरे.

मोबाइल आपल्याला काय दाखवतो?

पहिली गोष्ट, शोधल्यावर सर्वांत वर जे येते ते सर्वांत चांगले असते असे नाही. वरच्या काही नोंदींवर बारीक अक्षरांत "प्रायोजित" असे लिहिलेले असते. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते.

दुसरी गोष्ट, तुम्ही जे पाहता त्यासारखेच पुढे येते. रडवणारा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की तसेच आणखी दहा येतात. मग वाटते, सगळे जग हेच सांगते आहे. प्रत्यक्षात जग सांगत नसते, यंत्र तुमच्याच आवडीचा माल तुमच्यापुढे मांडत असते. नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवून "स्वारस्य नाही" हा पर्याय निवडला तर हा ओघ कमी होतो.

तिसरी गोष्ट, लोकप्रिय म्हणजे बरोबर नव्हे. लक्ष एकाग्र न होण्याच्या एडीएचडी या विकारावरचे टिकटॉकवरील शंभर लोकप्रिय व्हिडिओ कॅनडातील संशोधकांनी तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५२ टक्के व्हिडिओ दिशाभूल करणारे निघाले. खरोखर उपयोगी असे फक्त २१ टक्के होते. टिकटॉकवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे, पण तशाच छोट्या व्हिडिओंची आपल्याकडेही वाण नाही.

आता तर प्रश्न विचारला की यंत्रच गोड भाषेत उत्तर लिहून देते. शब्दांचा अर्थ समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारावे याची यादी करायला ते उपयोगी पडू शकते. पण त्याला कळते ते तुम्ही लिहिलेले तेवढेच. तुमचा चेहरा, उतरलेले वजन, थरथरणारा हात त्याला दिसत नाही. शिवाय तुम्ही सांगाल त्या बाजूने होकार भरण्याकडे त्याचा कल असतो. नवरा-बायकोने वेगवेगळे विचारले तर दोघांनाही "तुमचे बरोबर आहे" असे उत्तर मिळू शकते.

सल्ला पारखण्याच्या पाच कसोट्या

१. सांगणारा कोण आहे? नाव, शिक्षण आणि संस्था दिलेली असावी. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचे नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत मोबाइलवर शोधता येते. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नुसते "लाइफ कोच" किंवा "रिलेशनशिप एक्स्पर्ट" असे लिहायला कोणती पदवी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

२. शेवटी काय विकतो? बोलणे संपता संपता चूर्ण, अंगठी, महागडा कोर्स किंवा "आजच पैसे भरा, उद्या दर वाढतील" असे आले की मोबाइल खिशात ठेवावा.

३. खात्री किती देतो? "सात दिवसांत डिप्रेशन मुळापासून बरे" असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचाच गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

४. चालू औषध बंद करायला सांगतो का? हे सांगणारा माणूस कितीही नावाजलेला असो, ऐकू नये. मनाच्या आजाराची गोळी एकाएकी थांबवली तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश होऊ शकतो आणि मूळ आजारही उलटतो.

५. पुढे कोठे जायचे ते सांगतो का? चांगल्या माहितीत "ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना दाखवा" असे एक वाक्य असतेच. ते नसेल तर ती माहिती अपुरी समजावी.

चांगली माहिती कोठे मिळेल, असे मला नेहमी विचारतात. निम्हान्स आणि जागतिक आरोग्य संघटना यांची पाने विश्वासाची आहेत. मराठीत ऐकायचे असेल तर ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) या संस्थेचे यूट्यूबवरील "आवाहन" पाहावे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ही संस्था मनाच्या विषयांवर सोप्या मराठीत बोलते. शोधताना एकच सवय लावून घ्या. "मला वेड लागेल का" असे लिहू नका, कारण भीतीचा प्रश्न विचारला की भीतीचीच उत्तरे मिळतात. "झोप न लागण्याची कारणे", "नैराश्याची लक्षणे" असे साधे शब्द लिहा आणि सोबत संस्थेचे नाव लिहा.

ती नऊ प्रश्नांची चाचणी

पहिल्या बाईंना सापडलेल्या चाचणीचे नाव पीएचक्यू-९. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि आज जगभरचे डॉक्टर ती वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत होता का, मन उदास होते का, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी कमीपणा, लक्ष लागणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थता, आणि मरणाचे विचार, असे तिचे नऊ विषय आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा अधिक आली तर डॉक्टरांना दाखवावे. शेवटच्या प्रश्नापुढे शून्याखेरीज काहीही आले तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी दाखवावे.

मात्र गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड कमी पडणे, रक्त कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, न कळलेला मधुमेह यांतही माणूस थकतो, उदास दिसतो. म्हणून आधी तपासणी करतात. त्या बाईंच्या तपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, थायरॉइड ठीक होते. दोन्हींवर, म्हणजे रक्तावर आणि मनावर, उपचार करावे लागले. हे मोबाइलला ठरवता आले नसते.

नात्याविषयीचा सल्ला

अंगाचे दुखणे एकाचे असते, नात्याचे दुखणे दोघांचे असते. मोबाइलला सांगणारा मात्र एकच असतो. म्हणून नात्याविषयीच्या सल्ल्यात चूक होण्याचा धोका अधिक. "अमुक केले म्हणजे तो तसाच" असे सांगणारे सर्व संकेत मी त्या भुसारवाल्याच्या उदाहरणावरून तपासायला सांगेन. न बोलणे, न जेवणे, जागे राहणे ही फसवणुकीची लक्षणे असतील, कर्जाचीही असतील आणि नैराश्याचीही असतील.

उपयोगी सल्ला दुसऱ्याचे नाव ठेवायला शिकवत नाही, आपण काय करावे ते सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांची संभाषणे आणि भांडणे नोंदवून अभ्यास केला. संसाराला पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी दाखवल्या. माणसावरच टीका करणे, तुच्छ लेखणे, प्रत्येक वेळी स्वतःचा बचाव करणे आणि अबोला धरणे. यांत तुच्छ लेखणे सर्वांत घातक. आपल्या घरांतून या चारही सवयी कोणालाही ओळखू येतील. त्यावर करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. "तुम्ही नेहमी असेच" म्हणण्याऐवजी "मला काल फार एकटं वाटलं" असे म्हणावे. राग चढला तर निदान वीस मिनिटे बाजूला व्हावे, पण "जरा शांत होतो, मग बोलू" असे सांगून व्हावे. न सांगता उठून जाणे हा अबोलाच होतो. असे काही शिकवणारा व्हिडिओ असेल तर जरूर पाहा आणि जमले तर दोघांनी मिळून पाहा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. मारहाण, धमकी, घरात कोंडणे, पैसा रोखणे हे भांडण नव्हे, तो अत्याचार आहे. तेथे "समजून घ्या, जुळवून घ्या" हा सल्ला लागू नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी ११२. ज्या घरात फोन तपासला जातो, तेथे असे काही स्वतःच्या फोनवर शोधू नये. माहेरच्या किंवा विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून बोलावे.

मोबाइलवरून तज्ज्ञाशी बोलायचे असेल तर

हे आता कायदेशीर आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. त्यानुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर द्यावा लागतो. तो दिसला नाही तर मागावा. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत शिक्षण, शुल्क आणि किती बैठका लागतील हे विचारण्यात संकोच करू नये.

गुप्ततेचाही विचार करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. पण मोबाइलवरची प्रत्येक कंपनी तसे वागतेच असे नाही. अमेरिकेत २०२३ साली एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने लोकांची माहिती जाहिरातदारांना पुरवल्याबद्दल तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून फुकट चाचणीच्या बदल्यात नाव, फोन क्रमांक आणि घरातल्या गोष्टी विचारणाऱ्या पानावर काही भरू नये.

मोबाइल खाली ठेवण्याची वेळ

पुढील गोष्टी असतील तर आणखी शोधत बसू नका. मरणाचे विचार येणे. दोन-तीन रात्री अजिबात झोप नसूनही अंगात भलताच उत्साह असणे. कानात आवाज येणे, कोणी पाठलाग करते असे वाटणे. बाळंतिणीने बाळाकडे दुर्लक्ष करणे किंवा बाळाविषयी भलते विचार बोलून दाखवणे. खाणेपिणे सोडणे. दारू सोडताच हात कापणे, भास होणे. अशा वेळी जवळच्या डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्यावे. माणसाला एकटे ठेवू नये. घरातले कीटकनाशक, औषधांचा साठा कुलपात ठेवावा. "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. दोन वाजता मोबाइल हातात असेलच तर चाळण्याऐवजी हे पाच आकडे दाबावेत.

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. रात्री उदास व्हिडिओ पाहते. फोन काढून घ्यावा का?

उत्तर : आधी काढून घेऊ नका, शेजारी बसा. "तू काय पाहतेस, मलाही दाखव," असे म्हणा आणि मध्ये उपदेश न करता पाहा. मुले मनातले थेट सांगत नाहीत, पण "हा व्हिडिओ तुला का आवडला?" या प्रश्नाला उत्तर देतात. मग झोपताना घरातले सर्वच फोन, तुमचाही, बाहेरच्या खोलीत ठेवण्याचा नियम करा. अभ्यास, जेवण, मैत्रिणी यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ फरक दिसत असेल तर दाखवायला आणा. आणि तिने मरणाविषयी काही बोलून दाखवले तर दोन आठवडे थांबू नका.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते असे मोबाइलवर वाचले. मिस्टरांना सुरू कराव्यात का?

उत्तर : येथे दोन निराळ्या गोळ्यांची गल्लत होते. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांची सवय लागते. त्या चिठ्ठीशिवाय दुकानातून कधीही आणू नयेत. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण त्या बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. तुम्ही वाचलेले पान सोबत घेऊन या. मला राग येणार नाही.

हे शेवटचे वाक्य सर्वच वाचकांसाठी आहे. "मोबाइलवर वाचून आलात का?" असे म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी हसतो, तेव्हा पेशंट पुढच्या वेळी कागद घरी ठेवून येतो आणि पुन्हा पित्ताच्या गोळ्या घेऊन परत जातो. मी आता टेबलावर एक पाटी लावली आहे : "मोबाइलवर काही वाचले असेल तर दाखवा."

परवाच्या शनिवारी त्या बाई आल्या होत्या. या वेळी नंबर आल्याबरोबर आत आल्या. पर्समधून वहीचे पान निघाले, बेरीज पाच. नवव्या ओळीपुढे शून्य. जाताना म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या शेजारच्या वहिनींनाही असंच होतंय. त्यांना मी कागद दिला नाही. म्हटलं, उद्या मीच त्यांना घेऊन येते."

(पुढील आठवड्यात : थायरॉइडची गोळी कधी आणि कशी घ्यावी?)